जिवंत माणसापुढे टाळ वाजवा!

चकलीचा तुकडा मोडता मोडता तुमची नजर या पानावर पडली असेल, 'कर्करोग' हा शब्द दिसला असेल, आणि मनात आले असेल की सणासुदीला हे अभद्र कशाला? वाचकहो, पान उलटण्याआधी एवढे ऐकून घ्या. माझे भांडण नेमके याच प्रश्नाशी आहे. हा प्रश्न आपण दिवाळीच्या चार दिवसांपुरता विचारत असतो तर मी गप्प बसलो असतो. पण ज्या घरात हा रोग शिरतो त्या घराला तो आपण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस विचारत असतो. सणाला त्यांच्याकडे कशाला जायचे? हळदीकुंकवाला तिला कशाला बोलवायचे? त्यांच्या दारात हसणे-गाणे कसे शोभेल?

म्हणून माझा आरोप मी सुरुवातीलाच उघड मांडतो. आम्ही मराठी माणसे मढ्यापुढे टाळ-मृदंग वाजवतो, आणि माणूस जिवंत असतो, रोगाशी झुंजत असतो, तेव्हा त्याच्या घरातला रेडिओसुद्धा बंद करतो. हे उलटे आहे. ते सुलटे केले पाहिजे. आणि ते करण्याचा पहिला मान त्या माणसांचा आहे, जी स्वतः या रोगातून उठून बसली आहेत.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझ्या नावापुढे पदवी नाही. मुलांना शिकवतो, कादंबऱ्या लिहितो आणि नाशिकच्या सातपुरात राहतो. तेव्हा औषधाविषयी जे बोलेन ते जाणत्यांनी सांगितलेले आणि छापून आलेलेच बोलेन. माणसांविषयी बोलायला मात्र मला कुणाचा दाखला लागत नाही.

आमचे सातपूर म्हणजे कारखान्यांची वस्ती. पाळी सुटली की त्र्यंबक रस्ता माणसांनी भरून जातो. पण याच रस्त्याने पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या त्र्यंबकेश्वराकडे जातात, आणि रात्रपाळी करून आलेला कामगार डोळ्यांवरची झोप झटकून वारकऱ्यांना चहा पाजायला उभा राहतो. गाणे या वस्तीच्या हाडामासात आहे. खानदेशातून, मराठवाड्यातून, निफाड-सिन्नरकडून पोटासाठी आलेल्या माणसांनी येताना ट्रंकेत भांडीकुंडी आणली आणि खांद्यावर पखवाज आणला. गल्लीगल्लीत भजनी मंडळ आहे. सप्ताह होतात, काकडा होतो, हरिपाठ होतो. असे असताना, ज्याला गाण्याची सर्वांत अधिक भूक आहे त्याच्या दारावरून ही मंडळे मान खाली घालून पुढे का जातात?

माझी एक मावशी होती. जात्याचे दिवस संपले तरी तिच्या तोंडची ओवी संपली नव्हती. भाकरी थापताना, गोधडी शिवताना तिचे गाणे चालूच असे. मी शाळकरी मुलगा असताना तिला गर्भाशयाचा कर्करोग झाला. त्या दिवसापासून त्या घरात कुणी मोठ्याने बोलेना. टेपरेकॉर्डर कापडात गुंडाळून फळीवर गेला. तिने एकदा गुणगुणायला सुरुवात केली, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी डोळे वटारले. "बाई, काय वेळ, काय तुझं गाणं!" पुढे आठ महिने ती गप्प पडून राहिली. ती गेली, आणि दशक्रियेला लाउडस्पीकर लावून प्रवचन झाले, टाळकरी आले, पखवाज घुमला. सगळ्या गावाने ऐकले. जिच्यासाठी ते होते तिने तेवढे ऐकले नाही.

हे माझ्या मावशीचे एकटीचे दुःख असते तर मी ते कादंबरीत घातले असते. लेखात आणतो आहे, कारण ते घराघरातले आहे. जागतिक अंदाज असा की २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १४ लाख माणसांना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. पुरुषांत सर्वांत पुढे तोंडाचा कर्करोग आहे आणि बायकांत स्तनाचा. चौदा लाख! हा आकडा वाचून 'आपल्याकडे नाही बुवा असले काही' असे म्हणणाऱ्याने आपल्या आळीतली दारे मोजावीत.

औषधांच्या बाजूने आपण हातावर हात ठेवून बसलेलो नाही. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, परळचे टाटा रुग्णालय उभे राहिले. आमच्या भागातली कितीतरी माणसे पहाटे नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस धरून, फायलींची पिशवी छातीशी कवटाळून, दादरला उतरत आली आहेत. आता किरणोपचाराची सोय नाशकातही झाली आहे. गरिबाच्या उपचाराचा भार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना उचलते. सुई आहे, सलाइन आहे, ज्याला लोक 'शेक' म्हणतात ते किरण आहेत. या सगळ्यांच्या मधले जे लांबलचक तास, त्यांना मात्र औषध नाही. दोन केमोंच्या मधले एकवीस दिवस, निकालाची वाट पाहण्याची रात्र, डोक्यावरचे केस उशीवर गळून पडलेले असतात ती सकाळ. या तासांत आपण रोग्याला काय देतो? मौन देतो. आणि त्या मौनाला 'काळजी' असे गोंडस नाव देतो.

या मौनाच्या बाजूने जे बोलले जाते ते मी पुष्कळ ऐकले आहे. पहिला मुद्दा शोभण्याचा. आजारी माणसाच्या घरात गाणे शोभत नाही. मी विचारतो, हे ठरवले कुणी? ज्ञानेश्वरांपासून तुकोबांपर्यंत सगळ्यांनी गाणे सुखवस्तूंच्या करमणुकीसाठी ठेवले होते काय? दुष्काळ पाहिलेल्या, बायकापोरे गमावलेल्या माणसांनी आपल्याला अभंग दिले आणि आपण ते फक्त धडधाकट माणसांसाठी राखून ठेवले! गाडगेबाबांची आठवण करा. हातात खापर, अंगावर चिंध्या, आणि कीर्तन असे की रस्त्यावरचा भिकारीसुद्धा त्यात आपला आवाज मिसळी. त्या कीर्तनांना आलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधवल्या, आमच्या नाशकातही बांधवली. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या इस्पितळांत आलेले कर्करोगाचे रोगी आपल्या माणसांसह राहतात. गाणे आणि आजारी माणसाचे छप्पर यांची गाठ त्या निरक्षर साधूने मारून ठेवली आहे. ती सोडवण्याचा शहाणपणा आम्ही साक्षरांनी दाखवू नये.

दुसरा मुद्दा कुजबुजत सांगितला जातो. "जवळ बसलं, एका ताटात जेवलं, तर लागण होईल." अहो, हा रोग शेजारी बसल्याने होत नाही, हात धरल्याने होत नाही, एकाच तांब्यातले पाणी प्यायल्याने होत नाही. उलट काळजी घ्यायची ती रोग्याला आपल्यापासून जपण्याची. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा तुमच्या-आमच्या साध्या खोकल्यानेही तो आडवा पडू शकतो. म्हणजे भिण्याचे कारण आहे, पण ते उलट्या बाजूने आहे.

तिसरा मुद्दा पैशाचा आणि तो प्रामाणिक आहे. औषधाला पैसा नाही तिथे गाणी कसली? मान्य. पण भजनी मंडळाने अर्धा तास दारात बसायला किती रुपये लागतात? आणि पैशाचेच म्हणाल, तर गाण्यातून तो उभा राहत नाही असे कोण म्हणतो? त्याची एक गोष्ट पुढे सांगणारच आहे.

आधी आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांविषयी सांगतो. नाव घालत नाही. "माझं नाव छापून मला मोठा करू नका, मास्तर," अशी त्यांनी ताकीदच दिली आहे. ते एका कारखान्यात टर्नर होते आणि आमच्या भजनी मंडळाचे वीणेकरी होते. गालाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, मग शेक झाले. डाव्या बाजूचे दात गेले, तोंड पुरते उघडेना, थुंकी सुकली. 'प' आणि 'ब' ओठांतून निसटू लागले. मंडळातल्या लोकांनी मोठ्या प्रेमाने त्यांना सांगितले, "बुवा, आता आराम करा." आणि वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली. त्या प्रेमाने त्या माणसाला जेवढे मारले तेवढे रोगाने मारले नव्हते.

वर्षभर ते घरात गुणगुणत राहिले. मग मागच्या ओळीतल्या घरातली एक बाई केमोवर होती, तिचा नवरा यांच्याकडे आला. पथ्य विचारायला आला होता. बुवांनी पथ्य सांगितले आणि संध्याकाळी चिपळ्या घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. बाईला विचारले, "काय म्हणू?" बाई म्हणाली, "बुवा, रागावू नका, अभंग नको. अभंग ऐकला की वाटतं, माझी तयारी चाललीय. एखादं सिनेमातलं म्हणा." जन्मभर अभंगाशिवाय दुसरे काही न गायलेला हा माणूस! पण त्यांनी नातवाच्या मोबाइलवर तिचे आवडते गाणे चार दिवस घोकले आणि पाचव्या दिवशी जाऊन म्हटले. निम्मे शब्द फुर्रकन उडून गेले. ती बाई पोट धरून हसली. बुवाही हसले. मग तिने ते गाणे त्यांना दुरुस्त करून म्हणून दाखवले. गाऊन दाखवणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा भेदच मिटला.

आता ते सहा-सात घरी जातात. काही बरे होऊन कामाला लागले, काही गेले. "गेले त्यांच्याकडेही शेवटपर्यंत जात होतो," एवढेच ते सांगतात.

या एका उदाहरणात माझ्या म्हणण्याचे सगळे सार आहे. बुवांच्या गळ्यात आता काय राहिले आहे? सूर अर्धा, शब्द पाऊण. पण त्या बाईने ऐकला तो त्यांचा गाल. तिला दिसले की हा माणूस त्याच बाकड्यावर बसून आला आहे, त्याच सुईखाली त्याने हात धरला आहे, आणि आज तो इथे बसून चुकीचे गाणे म्हणतो आहे. हा पुरावा कुठला डॉक्टर देणार? मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिकेत तरी तो कुठून येणार? मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः या रोगातून उठल्यावर १९९४ साली 'व्ही केअर' ही संस्था काढली, तीही याच जाणिवेतून. गेलेल्या वाटेची माहिती वाटसरूलाच असते.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो, कारण तिथेही एक वैरी दबा धरून बसला आहे आणि तो मौनापेक्षा अधिक गोड बोलतो. अमुक राग अमुक वेळी ऐका, गाठ विरघळते. तमुक मंत्र इतके दिवस म्हणा, शस्त्रक्रियेची गरज नाही. असले तक्ते हल्ली मोबाइलवरून घरोघर फिरतात. काही ठिकाणी त्यांची फीही घेतली जाते. या माणसांना मी हात जोडून नव्हे, बोट रोखून सांगतो: तुम्ही संगीताचे भक्त नाही, तुम्ही संगीताचे दलाल आहात. तुमच्या तक्त्यावर विसंबून एखादी बाई छातीतली गाठ चार महिने अंगावर काढते, तेव्हा त्या चार महिन्यांचा हिशेब कोणत्या रागात देणार?

कुमार गंधर्वांचे उदाहरण हे लोक हटकून देतात. तो रोग वेगळा, क्षय होता; पण उदाहरण द्यायचेच तर पुरते द्या. १९४७-४८ च्या सुमारास ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. ते माळव्यात देवासला जाऊन राहिले. गाणे बंद झाले. पाच-सहा वर्षे तो गळा मिटून होता. त्यांना वाचवले ते स्ट्रेप्टोमायसीन या त्या काळच्या नव्या औषधाने आणि पत्नी भानुमतीबाईंच्या शुश्रूषेने. पण अंथरुणावर पडल्या पडल्या खिडकीबाहेरून येणारी माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ते ऐकत राहिले. १९५३ साली एका फुप्फुसावर ते पुन्हा मैफिलीत बसले तेव्हा त्यांच्या गाण्यात त्या मातीचा वास होता. औषधाने त्यांना आयुष्य दिले, गाण्याने त्या आयुष्याला काम दिले. ज्याचे त्याला श्रेय द्या. औषधाचे श्रेय चोरून गाण्याच्या पदरात घातल्याने गाणे मोठे होत नाही, चोर ठरते.

संशोधकही याहून जास्त सांगत नाहीत. कर्करोग्यांवर केलेल्या संगीताच्या ८१ प्रयोगांचा, म्हणजे साडेपाच हजारांहून अधिक माणसांचा, एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. चिंता, वेदना, थकवा उतरायला संगीताची मदत होऊ शकते असे त्यात निघाले. आणि पुरावा अजून बेताचाच भक्कम आहे, हेही त्याच प्रामाणिकपणे लिहिले गेले. गाठ विरघळल्याचे त्यात कुठेही नाही. वेल्समध्ये टेनोव्हस नावाची कर्करोग्यांसाठी काम करणारी संस्था आहे. तिच्या गायनमंडळांत रोगी असतात, त्यांची सेवा करणारे असतात आणि ज्यांचे माणूस गेले तेही असतात. २०१६ साली तिथल्या पाच मंडळांतल्या १९३ जणांची लाळ तपासली. तासभर एकत्र गायल्यावर मनावरचा ताण दाखवणारे द्रव्य उतरलेले आढळले. वाचताना मला गंमत वाटली. आपल्या एकादशीच्या भजनाला बसलेल्या म्हाताऱ्याला हे विचारले असते तर त्याने लाळ न तपासताच सांगितले असते! पण त्या वेल्समधल्या मंडळाची खरी गोष्ट मोजमापाची नाहीच. त्यांनी रोगी, त्याची बायको आणि शेजारची विधवा यांना एकाच ओळीत उभे केले, ही आहे. आपण तिघांनाही तीन कोपऱ्यांत बसवतो.

रोगातून उठलेल्यांशीही मला दोन शब्द कठोर बोलायचे आहेत. व्यासपीठावर उभे राहून "मी इच्छाशक्तीच्या जोरावर कर्करोगाला हरवले" असे सांगण्याची एक चाल पडली आहे. टाळ्या पडतात, हार पडतात. पण समोरच्या रांगेत एखादी बाई बसलेली असते, जिचा नवरा मागच्या महिन्यात गेला. तिने काय समजायचे? त्याची इच्छा कमी पडली? अहो, जगण्याची इच्छा नव्हती असा माणूस मी पाहिला नाही. रोग इच्छा बघून येत नाही आणि इच्छा बघून जातही नाही. वेळेवर निदान झाले, उपचार लागू पडला, आणि थोडे नशीब. हे जो कबूल करील त्यानेच दुसऱ्याच्या उशाशी बसावे. आमच्या बुवांना कुणी विचारले, तुम्ही कसे वाचलात, तर ते म्हणतात, "डॉक्टरनं कापलं म्हणून." आणि चिपळ्या उचलतात.

मघाशी पैशाची गोष्ट कबूल केली होती, ती आता सांगतो. होसे कारेरास हा स्पेनचा गवई. चाळिशीत, कीर्तीच्या शिखरावर असताना, १९८७ साली त्याला रक्ताचा कर्करोग झाला. वाचण्याची आशा थोडी होती. अस्थिमज्जेचा उपचार झाला, तो उठला आणि १९८८ साली, पुरता सावरतो न सावरतो तोच, त्याने या रोगाशी लढणारी संस्था काढली. ७ जुलै १९९० रोजी रोममधल्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत तो पाव्हारोत्ती आणि डॉमिंगो या दोघांबरोबर गायला. वाद्यवृंदापुढे उभा होता आपल्या मुंबईचा पारशी, झुबिन मेहता. त्या मैफिलीने त्याच्या संस्थेला हात दिला. १९९१ साली त्याच संस्थेने अस्थिमज्जा देणाऱ्यांची नोंदवही सुरू केली, म्हणजे अनोळखी रोग्याला अनोळखी दाता सापडावा. पाहा, हा माणूस 'माझे गाणे ऐका आणि बरे व्हा' असे म्हणाला नाही. त्याने गाणे विकले आणि त्यातून उपचार विकत घेतला. गाडगेबाबांनी कीर्तनातून धर्मशाळा उभ्या केल्या, कारेरासने मैफिलीतून नोंदवही उभी केली. एकाला अंगभर वस्त्र नव्हते, दुसऱ्याचा अंगरखा रेशमी असेल. दोघांचा हिशेब एकच.

आणि ज्याचा गळाच गेला त्याने काय करावे, असे विचारणारा भेटतोच. त्याला मी लंडनला पाठवतो. स्वरयंत्राच्या कर्करोगात कधी कधी स्वरयंत्र समूळ काढावे लागते. माणूस मानेतल्या भोकातून श्वास घेतो. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक लहानशी झडप बसवली तर त्याला बोलता येते, खरखरीत का होईना. अशा माणसांना घेऊन थॉमस मूर्स या डॉक्टराने २०१५ साली 'शाउट ॲट कॅन्सर' हे मंडळ उभे केले. स्वरयंत्र नसलेल्या माणसांचे गायनमंडळ! ते लोकांसमोर गातात. आपल्याकडेही बंगळूरच्या डॉ. विशाल राव यांनी अशी झडप अवघ्या ५० रुपयांत तयार करून दाखवली. परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात. तेव्हा गळ्याची सबब चालणार नाही. बिनगळ्याची माणसे गात आहेत आणि आम्ही गळेवाले 'शोभत नाही' म्हणून गप्प आहोत!

भजनी मंडळांनो, आता तुमच्याशी. राग मानू नका; मी तुमच्यातलाच आहे. भजनाची बारी संपते, मध्यंतर होते आणि तंबाखूची पुडी हातोहात फिरते. चुना मळला जातो, चिमूट गालात जाते, आणि त्याच तोंडाने पुन्हा विठ्ठलाचे नाव सुरू होते. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण मळलेल्या तंबाखूला आपल्या मांडवात अजून मान आहे. ज्या तोंडाने गायचे त्याच तोंडात विष ठेवायचे, हा कुठला वारकरी धर्म? गळ्यातली माळ तुम्हाला मांसमच्छी सोडायला लावते, मग ही चिमूट तिच्या नजरेतून कशी सुटते? ज्या मंडळात तंबाखूची पुडी फिरते त्या मंडळाने आधी ती बंद करावी, मग टाळ हातात घ्यावा.

आणि मग काय करावे तेही सांगतो, नाहीतर मास्तर नुसता छडी मारतो असे म्हणाल. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा. वस्तीतल्या ज्या घरी हा रोग आहे तिथे आधी विचारा, येऊ का? नको म्हणाले तर रुसू नका. त्यांना शांतता हवी असेल तर तीही त्यांचीच. डॉक्टरांना विचारून घ्या. दहा जणांनी घुसू नका, दोघे पुरेत. सर्दी-खोकला असलेल्याने घरी बसावे. पखवाज घरी ठेवा, चिपळ्या न्या. अर्ध्या तासाच्या वर बसू नका. गाणे रोग्याच्या आवडीचे म्हणा, तुमच्या नव्हे. त्याला लावणी हवी असेल तर लावणी, नाट्यगीत हवे असेल तर नाट्यगीत. त्याला हसवायचा ठेका घेऊ नका. रडावेसे वाटले तर रडू द्या, गाणे त्यासाठीही आहे. जमले तर त्याला ओढून तुमच्यात घ्या, एक ओळ त्याची, एक तुमची. आणि उठताना विचारा, पुढची तारीख कधी, बरोबर कोण जाणार, कागद पुरे आहेत का, योजनेचा अर्ज भरला का. जे मंडळ गाऊन उठते आणि एवढे विचारत नाही, त्याचे गाणे अर्धेच झाले.

घरच्यांनाही एक विनंती. घरात हा रोग आला म्हणून रेडिओचा कान पिळून बंद करू नका. आजारी माणसाला विचारा, काय लावू? हा प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात मोठा अर्थ आहे. महिनोन् महिने त्या माणसाला सगळे सांगत असतात. हे खा, ते खाऊ नको, इथे सही कर, तिकडे झोप. 'तुला काय आवडतं' असे विचारणारे कुणी उरलेले नसते. आवडनिवड विचारली की रोग्याचा पुन्हा माणूस होतो.

आणि या रोगातून उठलेल्या बंधुभगिनींनो, तुमच्याकडे जे आहे ते आमच्यापैकी कुणाकडे नाही. तुमचा आवाज बसका असेल, एक हात सुजत असेल, केस पूर्वीसारखे दाट आले नसतील. त्याच आवाजाची, त्याच चेहऱ्याची कुणीतरी खाटेवर पडून वाट पाहत आहे. आम्ही धडधाकट माणसे 'बरं होईल हो' म्हणतो तेव्हा ते उपचारापुरते असते, आणि रोग्याला ते कळते. तुम्ही काहीच न बोलता नुसती ओवी धरली, तरी तो तुमच्याकडे टक लावून पाहील. लोकलाजेने रोग लपवून बसू नका. 'आपल्याला झाले होते' हे सांगायला जेवढे धैर्य लागते तेवढ्या धैर्याने एखाद्या घराचे दार उघडते.

यंदा दिवाळीचे ताट वाढताना तुमच्या आळीतल्या त्या एका घराची आठवण ठेवा, जिथे आकाशकंदील लागला आहे की नाही हे कुणी पाहिलेले नाही. फराळ द्यायला जाल, तो ओट्यावर ठेवून परतू नका. आत जा, बसा, आणि विचारा, "काय म्हणू?" तुम्हाला गाता येत नसेल तर उत्तमच. आमच्या बुवांनाही आता येत नाही.